तांब्याची रेघ

रंजनाने ललितची कंबर स्वतःकडे ओढून धरली आणि प्रियांकाने त्याच्या पाठीमागे दुमडलेली गोधडी सारली. तो कुशीवर वळला तशी छातीतली घरघरही वळली, आतापर्यंत डावीकडे होती ती उजवीकडून ऐकू येऊ लागली. नाकातली नळी ज्या पट्टीने गालाला चिकटवली होती ती घामाने सुटत आली होती. रंजनाने ती अंगठ्याने दाबून बसवली. धाकट्या भावाचा गाल दाबायची तिला लहानपणापासून सवय होती, फक्त तेव्हा तो बोंब मारायचा.

प्रियांकाने नवऱ्याच्या मानेला हात लावून ताप पाहिला आणि तो हात पदराला पुसला.

"ताई, ताव वधलाय. न्यायचं का नाही, तेवढं बोला. पप्पा खाली रिक्षावाल्याला थांबवून बसलेत."

रंजनाने नजर बाहेर वळवली. खिडकीतून मिलच्या धुराड्यांचा धूर सरळ वर जाताना दिसत होता. सुरतेच्या पांडेसऱ्यात श्रावणातही ऊन पडलं की हवेला रंगाचा आणि उकळलेल्या पाण्याचा वास येतो, तो आज पुण्याहून उतरल्यापासून तिच्या नाकात बसला होता. गल्लीतले डॉक्टर सकाळीच येऊन गेले होते. छातीत कफ भरलाय, आजच दाखल करा, असं सांगून त्यांनी वर हेही म्हटलं होतं की शेवटी घरच्यांची मर्जी, मागच्या वेळी तुम्ही काय ठरवलंत ते मला ठाऊक आहे. मागच्या वेळी जे ठरलं होतं ते रंजनाने ठरवलं होतं. त्यामुळे आत्ताही सगळं घर तिच्या तोंडाकडे पाहत होतं.

ठरवण्याचं काम तिच्याकडे कसं आलं, ही तशी हसण्यासारखी गोष्ट होती. तिच्या नावाआधी डॉक्टर लागलं तेव्हा तिच्या वडिलांनी, उखाआप्पांनी, मिलमध्ये पेढे वाटले होते, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या खात्यातली माणसं गुडघे आणि मूळव्याधी घेऊन तिची वाट पाहू लागली होती. शेवटी आप्पांनीच सगळ्यांना सांगून टाकलं, "ती आभायनी डाक्टर शे." आभाळाची डॉक्टर. लोक हसले, पण डॉक्टर हा शब्द काही त्यांच्या डोक्यातून गेला नाही. घरच्यांच्याही गेला नाही.

आभाळात ती काय बघते हे एकदा तिने जेवताना समजावलं होतं. काही दीर्घिकांच्या पोटात एक भलंमोठं कृष्णविवर असतं. ते आजूबाजूचं सगळं ओढून घेतं, पण गिळता गिळता त्यातलं काही बाहेरही फेकतं. त्याचा वारा सुटतो. असा वारा की त्यापुढे पृथ्वीवरचं कुठलंही वादळ उभं राहणार नाही, आणि तो जोरात सुटला की दीर्घिकेतला वायूच उधळून जातो, नवे तारे जन्माला यायचे थांबतात. आप्पा घास हातात धरून ऐकत राहिले. ललितने विचारलं होतं की वारा तर दिसत नाही, मग तुला कळतं कसं? ती म्हणाली होती की तिथून येणारा उजेड आम्ही रंगारंगांत उलगडतो, क्ष-किरणांचा आणि अतिनीलही. त्यात काही जागी उजेड येतच नाही, कोणीतरी तो वाटेत खाल्लेला असतो. कुठल्या जागेचा खाल्ला त्यावरून वाऱ्यात काय आहे आणि तो किती वेगाने सुटलाय ते कळतं. ललितने ताटाला हात लावून नमस्कार केला आणि त्या दिवसापासून तिचं नाव वाराबाई ठेवलं. फोन उचलला की तो म्हणायचा, "बोला वाराबाई, आज किती सुटलाय?"

दीड वर्षापूर्वी ललित कापड रंगवायच्या डाइंग खात्यात जेट मशीनवर होता. आत कापडाचा गुंता झाला म्हणून तो वरच्या पाटावर चढला आणि ओल्या पत्र्यावरून त्याचा पाय घसरला. डोकं खालच्या कडेवर आपटलं. शस्त्रक्रिया झाली, महिना दवाखान्यात गेला. त्याचे डोळे उघडले, पण ते कोणावर ठरेनात. मेंदूच्या डॉक्टरांनी रंजनाला बाजूला घेऊन इंग्रजीत समजावलं. हा झोपतो, जागा होतो, पण समजत असल्याची खूण सध्या मिळत नाही. तरी दर काही महिन्यांनी नीट तपासून घ्या, काही माणसं थोडीथोडी परत येतात आणि सुरुवातीला ते ओळखायला फार कठीण जातं.

रंजनाने बाहेर येऊन पहिला भाग घरच्यांना सांगितला. दुसरा सांगितला नाही. असं डॉक्टर म्हणतातच, कोणाची आशा तोडायची नसते त्यांना, असं तिला वाटलं, आणि खोट्या आशेवर आईला वर्षानुवर्षं झुलवत ठेवणं तिला क्रूरपणाचं वाटलं. तिचा हेतू वाईट नव्हता. ती त्या रात्री दवाखान्याच्या जिन्यात बसून ढसाढसा रडली होती, आणि मग तोंड धुऊन शहाण्यासारखी वागायला लागली होती.

तिचा फोन थरथरला. पुण्याहून मनीषाचा होता. मनीषा तिची विद्यार्थिनी, तिच्याच हाताखाली पीएच.डी. करणारी, सुट्टीच्या दिवशी कधी फोन न करणारी. रंजनाने प्रियांकाला खुणेनेच आलेच म्हटलं आणि ती गच्चीवर गेली. पाठीमागून प्रियांकाने भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज तिला आला.

मनीषा आधी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली की आपल्या त्या दीर्घिकेचा खड्डा निघून गेला, मॅडम.

तो खड्डा म्हणजे रंजनाचं नाव होतं. त्या दीर्घिकेच्या क्ष-किरणांच्या वर्णपटात एका जागी उजेड कमी पडत होता, आणि त्यावरून तिने दाखवलं होतं की तिथे लोखंडाच्या तप्त वायूचा वारा सेकंदाला चाळीस हजार किलोमीटरहून अधिक वेगाने आपल्या दिशेने सुटला आहे. तो लेख सगळीकडे वाचला गेला. पुण्यातल्या संस्थेत तिला कायमची जागा मिळाली ती त्यानंतर.

मनीषाने तेच निरीक्षण पहिल्यापासून पुन्हा सोडवलं होतं. अंतराळातल्या त्या दुर्बिणीच्या कॅमेऱ्याखाली एक सर्किट आहे आणि त्यात तांबं आहे. बाहेरून येणारे कण त्याच्यावर आदळले की ते तांबंही क्ष-किरणांत मंद चमकतं, आणि प्रत्येक चित्रात त्याची एक बारीक रेघ उमटते. कॅमेऱ्याच्या मधोमध मात्र खाली तांबं नाही, तिथे रेघही नाही. दीर्घिका नेहमी मधोमध धरतात. तिच्या उजेडातून आजूबाजूची फालतू चमक वजा करायची तर ती मधल्याच भागातून मोजावी लागते. कडेची मोजली तर तांब्याची रेघही त्यात येते, आणि जी रेघ दीर्घिकेच्या उजेडात कधी नव्हतीच ती त्यातून वजा होते. मग तिथे खड्डा पडतो. खड्डा दिसला की माणूस म्हणतो, इथला उजेड कोणीतरी खाल्ला.

हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही शिकवतात. रंजनानेच मनीषाला शिकवलं होतं. पण त्या चित्रात मधल्या भागात दीर्घिकेशेजारी एक फिका तारा डोकावत होता, म्हणून स्वच्छ जागा हवी या हट्टाने तिने मोजणीचं वर्तुळ जरा बाजूला सरकवलं होतं. ते कडेच्या तांब्यावर चढलं होतं.

"मधून घेऊन परत वजा केलं," मनीषा म्हणाली. "काहीच नाही राहत. सरळ उजेड आहे."

रंजना गच्चीच्या कठड्याला टेकली. खाली गल्लीत आप्पा ओट्यावर बसले होते आणि रिक्षावाला त्यांच्याजवळ उभा राहून मोबाइलवर काहीतरी बघत होता. मनीषा जरा चाचरत म्हणाली की अतिनीलमध्ये तेव्हाही काही दिसलं नव्हतं ना. रंजनाला ते आठवत होतं. त्याच वेळी दुसऱ्या दुर्बिणीने तीच दीर्घिका अतिनील किरणांत पाहिली होती आणि तिथे वाऱ्याचा मागमूस नव्हता. तेव्हा रंजनाने लिहिलं होतं की वायू इतका तापलेला आहे की त्याच्या अणूंवर इलेक्ट्रॉनच फारसे उरलेले नाहीत, मग अतिनील उजेड खाणार कोण? हे काही खोटं नव्हतं, इतर कितीतरी वाऱ्यांच्या बाबतीत अगदी खरं होतं. म्हणूनच ते सोयीचं पडलं. जे साक्ष देत नव्हतं त्याला तिने साक्ष देता येत नाही असं ठरवून टाकलं होतं.

लेख मागे घ्यावा लागेल, रंजना म्हणाली. सोमवारी बोलू. मनीषाला तिने शाबासकी दिली आणि ती मनापासून दिली. फोन ठेवल्यावर आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. तिला त्या लेखाऐवजी गेल्या श्रावणात ललितच्या तळहातावर ठेवलेलं आपलं बोट आठवलं.

ती खाली आली तेव्हा तिची आई, शोभाबाई, पॅसेजमध्ये गहू निवडत बसल्या होत्या. उद्या रविवार, खानदेशच्या देवीचा, कानबाईचा. खानदेशातून सुरतेला आलेल्या घरांनी गाव सोडलं, जमीन सोडली, पण कानबाईच्या नैवेद्याचा रोट सोडला नाही. त्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाची सव्वा मूठ गहू काढून दळायचे असतात. गल्लीतला चक्कीवाला आज सकाळीच चक्की धुऊन बसला होता, खास याच दळणासाठी. बऱ्याच घरांत बाईच सगळ्यांच्या नावाने मुठी घेते. उखाआप्पांच्या घरची रीत अशी की ज्याची मूठ त्यानेच घ्यायची. आधी भरगच्च मूठ, ती टोपलीत सोडायची. मग त्यावरचा पाव घ्यायचा, तो अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत. उरलेली दोन बोटं तळहाताशी दुमडून ठेवायची. आप्पांच्या आजोबांपासून असंच चालत आलं होतं. का, ते कोणी विचारलं नव्हतं. रंजनाने लहानपणी विचारलं होतं की माझी मूठ का नाही, आणि ललितने तिच्यापुढे ती चिमूट नाचवून दाखवली होती.

गेल्या श्रावणात शोभाबाईंनी सूप पलंगाशी नेऊन ललितचा हात गव्हात ठेवला होता. मग त्या धावत स्वयंपाकघरात आल्या होत्या.

"बाई, त्यानी सव्वा लिधी. मी मना डोयाघाई देखं."

त्यानेच मूठ घेतली आणि पावही घेतला, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, असं त्या सांगत होत्या. रंजनाला त्यांची कीव आली होती. तिने विचारलं, त्याचा हात कोणी धरला होता? शोभाबाई म्हणाल्या, मनगट मी धरलं होतं, पण बोटं त्याची होती. मग रंजनाने सगळ्यांना पलंगाभोवती बोलावलं, आप्पांना, प्रियांकाला, आईला. तिने ललितच्या तळहातावर आपलं बोट ठेवलं. त्याच्या हाताने ते गच्च धरलं. तिने सोडवून घेतलं, पुन्हा ठेवलं, त्याने पुन्हा धरलं. असं तिने तीनदा करून दाखवलं.

"बघ माय, तान्हं बाळही असंच धरतं," ती म्हणाली होती. "असं धरायला मन लागत नाही. तू मनगट हलवलंस, बोटं मिटली. तुला जे दिसलं ते तुझंच होतं."

आईचं बोलणं धरायचं नसतं, ती आशा असते. ती आधी काढून टाकायची, मग मागे उरेल ते खरं. रंजनाला ही पद्धत अंगवळणी पडलेली होती. शोभाबाई काही तरी पुटपुटल्या तेव्हा तिने त्यांचा खांदा धरला आणि शांत, समजूतदार आवाजात, ललितच्या उशाशी उभं राहून सांगितलं की आता तिथे कोणी नाही.

हिवाळ्यात त्याला पहिल्यांदा छातीचा त्रास झाला. दवाखान्यात सुया, नळ्या, घशातून कफ ओढणारं यंत्र, सगळं झालं, आणि तो नुसती हाडं घेऊन परत आला. त्या वेळी रंजनाने पुन्हा त्याच खोलीत, कारण पंखा तिथेच होता, सगळ्यांना बसवून सांगितलं की पुढच्या वेळी न्यायचं नाही. त्याचे हाल आता थांबवायला हवेत. प्रियांका खूप रडली, आप्पांनी भिंतीकडे तोंड केलं. मग ते म्हणाले, "तू सांगशी तसंच करूत." आणि ते ठरलं.

आता शोभाबाईंच्या पुढ्यातल्या टोपलीत थोडेसे गहू होते. आप्पांनी सकाळी आंघोळ करून आपली मूठ टाकली होती. शोभाबाई सुपावर फडकं झाकत होत्या.

"माय, ललितची?" रंजनाने विचारलं.

शोभाबाईंनी फडक्याची कोपरं नीट खोचली. "नही," त्या म्हणाल्या. "तूच सांगं ना, तठे कोनी नही. खोटी मूठ कानबाईले चालाव नही."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. रंजनाला तो असता तर बरं वाटलं असतं. आईने तिचं ऐकलं होतं, पूर्ण ऐकलं होतं, वर्षभर मनाशी भांडून अखेर लेकीच्या शिक्षणापुढे मान तुकवली होती. टोपलीत एका म्हाताऱ्या माणसाची मूठ पडली होती, आणि एवढ्यावर उद्या या घरात रोट होणार होता.

प्रियांका दारात आली. तिने पर्स खांद्याला अडकवली होती. "ताई, पहिले बोला तर. हा किंवा ना."

"दोन मिनिटं," रंजना म्हणाली.

ती न्हाणीत गेली आणि अंगावर भराभर पाणी ओतून, कोरडी साडी गुंडाळून बाहेर आली, कारण रोटाच्या गव्हाला पारोशा हाताने शिवलेलं आईला चाललं नसतं. तिने सुपावरचं फडकं काढलं, सूप आणि एक रिकामी टोपली उचलली. शोभाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, पण अडवलं नाही. त्या भिंतीचा आधार घेत उठल्या आणि तिच्यामागे आल्या.

ललितला त्यांनी पुन्हा उताणं केलं. रंजनाने पलंगाच्या कडेला सूप ठेवलं, त्याच्याखाली उशी सरकवून ते त्याच्या हाताच्या उंचीला आणलं. मग त्याचा उजवा हात उचलून गव्हावर ठेवला आणि स्वतःचे दोन्ही हात काढून घेऊन पाठीमागे बांधले. प्रियांका पुढे होऊ लागली तशी तिने मानेनेच नको म्हटलं. आईलाही तिने पलंगापासून मागे उभं केलं. या वेळी त्या हाताला कोणाचाही हात लागणार नव्हता.

बराच वेळ काही झालं नाही. छातीतली घरघर तेवढी चालू होती. मग बोटं गव्हात रुतली आणि हळूहळू मिटली. रंजनाने स्वतःला बजावलं की हे काहीच नाही, हाताला काही लागलं की हात मिटतो. तिने सूप अलगद काढून घेऊन मुठीखाली रिकामी टोपली धरली. मूठ मिटलेलीच राहिली. अशी मूठ आपण होऊन सुटत नाही, हे तिने वाचलेलं होतं. गेल्या वर्षी तिला आपलं बोट प्रत्येक वेळी सोडवून घ्यावं लागलं होतं.

मूठ सुटली. दाणे टोपलीत पडले, एक दोन पलंगावर घरंगळले.

प्रियांकाने पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरला होता. रंजनाने टोपली बाजूला ठेवली आणि सूप पुन्हा त्याच्या हाताखाली सरकवलं. ती पाव म्हणाली नाही, सव्वा म्हणाली नाही, आईला तर तिने डोळ्यांनीच गप्प बसवलं होतं. ललितचे डोळे छताकडे होते, पंख्यावर किंवा पंख्याच्या पलीकडे. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब जमले होते.

हात गव्हावर पडून राहिला. मग करंगळी आत वळली, तिच्यामागून तिच्या शेजारचं बोट वळलं. दोन्ही तळहाताशी जाऊन टेकली आणि तिथेच राहिली. उरलेली दोन बोटं अंगठ्याकडे सरकायला लागली. मधेच थांबली, थरथरली, पुन्हा सरकली. जेव्हा ती मिटली तेव्हा त्यांच्यात पाचसहा दाणे होते. त्याने ते धरून ठेवले, कोणीतरी टोपली पुढे करण्याची वाट बघत असल्यासारखे.

टोपली शोभाबाईंनी पुढे केली.

शोभाबाईंनी त्याच्या बोटांच्या बेचक्यात अडकलेला एक दाणा काढला, टोपलीत टाकला आणि पदराने त्याचं कपाळ टिपलं. मी सांगितलं होतं, असं म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता. पण त्या टोपली छातीशी धरून नुसत्या उभ्या राहिल्या.

"एकशेआठला फोन कर," रंजना प्रियांकाला म्हणाली. "रिक्षात नको, ऑक्सिजन लागेल. आणि मेंदूच्या डॉक्टरांनाही आजच बोलवायचं, मी बोलते त्यांच्याशी."

प्रियांका तोवर जिन्यात पोचली होती. खालून आप्पांचा आवाज आला, काय झालं म्हणून विचारणारा, आणि प्रियांकाने रडत रडत गुजरातीत, मराठीत, जमेल त्या भाषेत त्यांना काय सांगितलं ते वर नीट ऐकू आलं नाही. शोभाबाई टोपली देवापाशी ठेवायला आत गेल्या.

खोलीत दोघं भावंडं राहिली. पंखा फिरत होता. गेल्या श्रावणातही तो फिरत होता, ललितचं डोकं असंच दाराकडे होतं, आणि रंजना आत्ता उभी होती तिथेच, त्याच्या कानापासून हातभर अंतरावर उभी होती. ती तेव्हा काय बोलली होती ते तिला शब्द न् शब्द आठवत होतं. हिवाळ्यात काय बोलली तेही. तेव्हा तर ती त्याच्या पायाशी पलंगावरच बसली होती, आणि बोलता बोलता तिने त्याच्या अंगावरची चादर सारखी केली होती. तान्हं बाळही असंच धरतं. तिथे कोणी नाही. पुढच्या वेळी न्यायचं नाही. वर्षभर तो हे सगळं घेऊन इथे पडून होता आणि आज पुढची वेळ आली होती. सकाळपासून बायको विचारत होती, न्यायचं का नाही, आणि बहीण गच्चीवर फोन घ्यायला गेली होती.

"ललित," ती वाकून म्हणाली. सॉरी हा शब्द तिच्या तोंडाशी आला आणि तो इतका हलका वाटला की तिने गिळून टाकला.

त्याचा उजवा हात पलंगावर उताणा पडला होता, बोटं थोडी उघडी, त्यांना गव्हाची धूळ लागलेली. तिने आपलं बोट त्याच्या तळहातावर ठेवलं. गेल्या वर्षी ठेवलं होतं त्याच जागी.

हात मिटला नाही. मघाशी गव्हावर तोच हात मिटला होता.

तिने बोट किंचित दाबलं. तळहात तापाने पोळत होता. बोटं जागच्या जागी होती, तशीच उघडी, आणि ललित पंख्याकडे पाहत होता. गल्लीच्या तोंडाशी गाडीचा भोंगा वाजला. आप्पा कोणाला तरी बाजूला व्हा म्हणून ओरडले, स्ट्रेचर घेऊन माणसं जिना चढायला लागली. रंजना बोट तसंच ठेवून थांबली होती. माणसं खोलीत आली, त्यांनी तिला बाजूला व्हायला सांगितलं, तोपर्यंत हात उघडाच होता.